उटण्याची पुडी आणि बाटलीमागची यादी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आजी काष्ठौषधींच्या दुकानात जायची. दुसऱ्या कुणाला पाठवणं तिला चालायचं नाही. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या असं सामान ती कागदावर मांडून घ्यायची आणि एकेक जिन्नस नाकाशी नेऊन बघायची. आंबेहळदीचा तुकडा मोडून हुंगायची. कैरीचा वास आला नाही तर परत. कचोरा तळहातावर आपटायची. भुसा पडला तर कीड लागलेली. घरी आल्यावर सगळं उन्हात कडकडीत वाळायचं, खलबत्त्यात कुटलं जायचं आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यातून वस्त्रगाळ होऊन डब्यात जायचं. नरक चतुर्दशीच्या पहाटे लागेल तेवढंच वाटीत काढून दुधात कालवायचं. कालवलेलं उरलं, तर ते झाडाच्या बुंध्याशी. दुसऱ्या दिवशी ते कुणी अंगाला लावलेलं तिला खपायचं नाही.

आज तेच जिन्नस बाटलीत मिळतात. बाटलीवर हिरवं पान असतं, खल-बत्ता असतो, आणि ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकल-फ्री’ असे शब्द असतात. विकत घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी करून, मुलं सांभाळून कुणी नागरमोथा कुटत बसावं असं मी म्हणणार नाही. पण आजीला जिन्नस ओळखता येत होता आणि आपल्याला फक्त शब्द ओळखता येतो, हा फरक मला फार मोठा वाटतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कुठून आला एवढंच सांगतो. तो अंगाला लावल्यावर काय होईल, हे तो सांगत नाही. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून दुसराही सुटला असं धरून चालतो.

हे मला अंगाशी आल्यावर कळलं. भाचीच्या लग्नाच्या चार दिवस आधी मी केसांना काळी मेंदी लावली. पुडीवर मेंदीच्या पानांचं चित्र होतं आणि ‘हर्बल’ असं ठळक लिहिलं होतं. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले. त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी केसांच्या कडेने, कपाळावर आणि कानामागे खाज सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला आधी पुडीच आणायला सांगितलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत यादी होती, आणि तिच्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन होतं. डॉक्टर मंडळी त्याला पीपीडी म्हणतात. केसांच्या काळ्या रंगांत ते सर्रास असतं, कायद्याने चालतंही, पण काही जणांच्या अंगाला ते अजिबात सोसत नाही. एकदा शरीराने त्याचा राग धरला की पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि नारिंगी-तांबडा रंग देतं. काळा रंग निव्वळ मेंदी देऊच शकत नाही. झाडपाल्यातूनच काळा रंग हवा असेल तर आधी मेंदी आणि धुतल्यावर वरून निळीच्या पानांची पूड, असे दोन हात द्यावे लागतात आणि त्यात अर्धा दिवस जातो. एवढं एक वाक्य मला आधी ठाऊक असतं, तर अर्ध्या तासात काळे करणारी पुडी हातात घेतानाच मी थबकले असते.

पण पुडीत निखळ वनस्पतीच असती, भेसळ नसती, तरी काळजी संपली असती का? मला तसं वाटत नाही. झाड आपल्या पानात, बियांत, सालीत जी रसायनं तयार करतं, त्यातली पुष्कळशी किडे, बुरशी आणि चरणारी जनावरं यांना दूर ठेवण्यासाठी. त्यातली काही आपल्या उपयोगी पडतात, ती ताकदवान असतात म्हणूनच. बावचीचं उदाहरण घ्या. कोडावर ती आयुर्वेदात फार जुन्या काळापासून वापरतात. तिच्यातलं सोरालेन त्वचेला उन्हासाठी हळवं करतं. आधुनिक त्वचारोगशास्त्रातही सोरालेन देऊन मोजूनमापून अतिनील किरण सोडण्याचा उपचार आहे. पण हेच बावचीचं तेल लावून कुणी दुपारच्या उन्हात हिंडलं तर अंगावर फोड येतात. लिंबाचंही तसंच आहे. चेहरा उजळावा म्हणून लिंबाची फोड चोळून मुली बाहेर पडतात आणि लिंबातल्या अशाच द्रव्यांमुळे उन्हात काळपट चट्टे उठतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. आरोग्याचं प्रतीक होऊन बसलेली कोरफडसुद्धा तशीच. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक ओघळतो. तो त्वचेला झोंबतो. म्हणून पान उभं धरून तो आधी निथळू द्यायचा, धुवायचा आणि मगच आतला गर काढायचा. आत दिसतो तो गर काचेसारखा पारदर्शक असतो. दुकानातल्या बाटलीत दिसणारा पोपटी रंग कोरफडीचा नसतो, वरून घातलेला असतो.

आता त्या कालवलेल्या उटण्याकडे परत येते, कारण या विषयाचं मर्म मला तिथे दिसतं. कोरडं उटणं डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. त्यात दूध किंवा पाणी पडलं की काही तासांत जंतू वाढायला लागतात. आजीला जंतूंची नावं माहीत नव्हती, नियम माहीत होता. कोरफडीच्या गराचं वजन केलं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग पाणी. लोशन, शाम्पू, फेसवॉश, गुलाबपाणी ही सगळी मुख्यतः पाण्याचीच. ही बाटली कारखान्यात भरणार, ट्रकमध्ये तापणार, दुकानात पडून राहणार आणि मग आपल्या दमट न्हाणीघरात ओल्या बोटांनी रोज उघडली जाणार. तिच्यात टिकवणी, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, घातलीच नसेल तर स्युडोमोनाससारखे जंतू त्यात घर करतात, आणि डोळ्यात किंवा खरचटलेल्या जागी गेले तर ते महागात पडतं. म्हणून पाणी असलेल्या बाटलीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं वाचलं की मला भरवसा वाटत नाही, धास्ती वाटते. तेल, तूप, कोरडी पूड, साबणाची वडी यांना त्याची गरज फारशी नसते. पाणी आलं की गरज आली.

इथे पॅराबेन या टिकवणीची हकिगत सांगायला हवी. २००४ साली फिलिपा डार्बर या इंग्लंडमधल्या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या वीस गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती, आणि पॅराबेनने कर्करोग होतो असा दावाही त्यांनी केला नव्हता. पण बातमी जगभर गेली ती ‘पॅराबेन म्हणजे कॅन्सर’ अशीच. भीती सगळी पोकळ होती असंही नाही. युरोपीय संघाने २०१४ साली पुरेशी माहिती नाही म्हणून पाच पॅराबेनवर बंदी घातली आणि आणखी दोन पॅराबेनचं प्रमाण कमी केलं. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मात्र मर्यादेत चालू ठेवले. कंपन्यांनी सरसकट सगळेच काढले आणि बाटल्यांवर ‘पॅराबेन-फ्री’ छापलं. त्यांच्या जागी काय आलं? बऱ्याच उत्पादनांत मिथाइलआयसोथायझोलिनोन आलं. पुढच्या काही वर्षांत त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीची साथ म्हणावी इतके रुग्ण दिसू लागले. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं. अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत युरोपाने २०१७ पासून ते बंद केलं. आणि त्याच सोसायटीने २०१९ साली पॅराबेनला ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा’ म्हणून निवडलं. ज्याची अनेक दशकांची परीक्षा झाली होती ते काढून टाकून आपण कमी परीक्षा झालेलं अंगाला लावलं, आणि त्याला शुद्धता म्हटलं.

‘नैसर्गिक टिकवणी’ म्हणून ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क फार खपला. १९९९ साली जर्मनीत असे बाजारातले सहा अर्क तपासले गेले. पाच अर्कांनी जंतू मारले, आणि त्या पाचांतही बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. सहाव्यात ते नव्हतं आणि त्याने जंतू मारलेही नाहीत. ई जीवनसत्त्वालाही घरगुती प्रसाधनं करणारे पुष्कळ जण टिकवणी समजतात. त्याने तेल खवट होणं लांबतं, जंतू अडत नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. प्रसाधनातल्या जिनसांना हे फार चपखल लागू पडतं. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे ज्याच्या नावाने ‘एसएलएस-फ्री’ बाटल्या विकल्या जातात ते, बहुतेक वेळा नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनच बनतं. यादीत कंसात ‘नारळापासून’ असं लिहिलं तर ते खोटं नसतं. तरी ते केसांतलं तेल जोरात खेचून काढतं आणि कोरड्या त्वचेला झोंबतं. दुसऱ्या बाजूला रिठा. तो झाडावरून थेट हातात येतो, पण त्याचा फेस सॅपोनिनचा असतो, आणि मळ काढण्याची रीत एसएलएसच्या जातीचीच: एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की काय होतं ते ज्याचं गेलंय त्याला विचारा. मासे गुंगवून पकडण्यासाठी रिठा ओढ्यात टाकण्याची जुनी रीत याच सॅपोनिनमुळे चालते. शिकेकाई सौम्य वाटते, कारण तिच्यात फेस करणारं द्रव्य बेताचं आणि तिचं पाणी किंचित आंबट. आपली त्वचाही किंचित आंबट असते. पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. साबण मात्र बकरीच्या दुधाचा असो, केशराचा असो की हाताने केलेला, तेल आणि कॉस्टिक सोड्यापासूनच होतो आणि त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात जातो. त्याने केस धुतले की राठ होतात, त्याचं कारण हे.

कोकणात टाचांच्या भेगांना भिरंडेल लावतात. कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की तेल वर येतं आणि गार झाल्यावर त्याची पांढुरकी वडी होते. वडीचा तुकडा दिव्यावर धरायचा आणि थेंब भेगेत सोडायचा. पहिला चटका बसतो, मग थेंब जागच्या जागी थिजतो. या तेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असतं, म्हणून ते चाळीस अंशांच्या आसपासच वितळतं आणि भेगेत मेणासारखं बसून आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. आता हेच परदेशी नावाच्या डबीत, कोकम बटर म्हणून, दामदुपटीने परत येतं. भिरंडेल मला प्रिय आहे. पण पाणी अडवण्याचं तेच काम पेट्रोलियम जेली त्याच्याहून सरस करते, ॲलर्जी जवळपास करत नाही आणि स्वस्त मिळते, हे मला मान्य करावं लागतं. ती खनिज तेलातून येते, म्हणून तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. टाचेच्या क्रीममधल्या युरियाचंही तेच. फ्रीडरिश व्होलर यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा सजीवांच्या शरीरातलं द्रव्य बाहेर बनू शकतं हे जगाला दिसलं. आपल्या त्वचेत ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रव्यांत युरिया जन्मतःच असतो. क्रीममधला कारखान्यातून येतो. रेणू एकच, आणि टाचेला फरक कळत नाही.

परंपरेला मी कमी लेखते आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. तिथे ‘आमच्या आज्या लावत आल्यात’ एवढं सांगून भागलं नाही. जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ काढावे लागले, १९५३ सालच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख पुढे ठेवावा लागला. आपलं ज्ञान जिंकलं ते नेमकं लिहिलेलं होतं म्हणून. खोबरेल तेलाचंही तसंच नेमकेपण आता हाताशी आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना-विंचरताना केसांतून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. हे काम खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतलं होतं, हेही वाचणाऱ्याने ध्यानात धरावं. आणि त्यात केसांची झीज कमी होण्याची गोष्ट आहे. टकलावर केस उगवण्याची नाही.

मग दुकानात उभं राहून करायचं काय? बाटली उलटी करायची. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कसेही. फिनॉक्सिइथेनॉल ही टिकवणी साधारण एक टक्क्याच्या आतच वापरतात. म्हणून यादीत तिचं नाव सापडलं की बोट तिथे ठेवा. तिच्या नंतर हळद, चंदन, केशर, भृंगराज अशी जी नावं येतात, ती सगळी मिळून शंभर मिलिलिटरच्या बाटलीत चमचाभर असली तरी खूप. पुढच्या बाजूला चित्र मात्र त्यांचंच असतं. हळदीचं नाव तिथे कर्क्युमा लाँगा, नारळाचं कोकोस न्युसिफेरा आणि कडुनिंबाचं अझाडिराक्टा इंडिका असं असतं. पहिलं नाव ॲक्वा असेल तर ते पाणी. सुगंध म्हणून नुसतं पर्फ्यूम लिहिलेलं असतं, त्या एका शब्दाआड कित्येक द्रव्यं असू शकतात. ‘फक्त इसेन्शियल ऑइल’ लिहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका; लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हवा लागून जुनं झालं की त्यानेही त्वचेला खाज सुटू शकते. नवीन काहीही असो, घरचं की दारचं, कोपराच्या आतल्या बाजूला एका जागी आठवडाभर लावून बघा आणि मगच तोंडाला लावा.

‘कंपन्या फसवतात, त्यापेक्षा झाडपाला बरा’, असं मला अनेक जणी सांगतात. पहिल्या अर्ध्या वाक्याशी माझं भांडण नाही. गोरेपणाच्या नाव-गाव नसलेल्या क्रीममध्ये पारा सापडला आणि ती लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली, अशी प्रकरणं महाराष्ट्रातही झाली, केरळातही झाली. आपल्या नियमांत अशा क्रीममध्ये पारा घालायलाच मनाई आहे आणि चुकून आलेला दशलक्षात एक भागाहून जास्त चालत नाही. तरी अशा डब्या हातोहात खपतात, कित्येकदा ‘हर्बल’ म्हणूनच. फसवणाऱ्याला झाडपाल्याच्या चित्राचं वावडं नसतं. त्याला आपण यादी वाचणं परवडत नाही.

आणि ही यादी वाचणं आपल्याकडे मुद्दाम अवघड ठेवलेलं आहे. साठ मिलिलिटरहून लहान बाटलीवर आणि तीस ग्रॅमहून लहान डबीवर ती छापण्याची सक्तीच नाही. गावच्या बाजारात जास्तीत जास्त विकली जाते ती हीच लहान डबी आणि पाच-दहा रुपयांची पुडी. ज्या बाईला सगळ्यात कमी पैशांत घ्यायचं आहे तिला सगळ्यात कमी माहिती, हा अन्याय आहे. मोठ्या बाटलीवर यादी असते ती इंग्रजी-लॅटिनमध्ये, भिंग लावून वाचावी अशी. नागरमोथ्याचा वास ओळखणाऱ्या माझ्या आजीला ती वाचता आली नसती.

हे बदलता येतं. केसांच्या रंगात पीपीडी असेल तर कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबून बघण्याची सूचना इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही पाकिटात असावी, असं आपल्या नियमात आहे. मी घेतलेल्या पुडीत ती चिठ्ठी नव्हती. तुमच्या पुडीत नसेल तर पुडी जपून ठेवा, तिचा फोटो काढा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. आणि रंगाच्या पाकिटाला जी भाषेची सक्ती आहे, तीच प्रत्येक बाटली, डबी आणि पुडीवरच्या यादीलाही हवी, वाचता येईल एवढ्या टाइपात, मराठीत. ही मागणी आपण वापरणाऱ्यांनीच करायला हवी.